टेलच्या देशाचा विरोध

जागतिक राजकारण आमच्या वर्गात आलं ते फरसाणाच्या रिकाम्या डब्यातून. डबा सरांनी घरून आणलेला. झाकण उघडलं की अजून थोडा मसाल्याचा वास यायचा, आणि त्या वासातून लॅमिनेशन केलेली रंगीत कार्डं बाहेर निघायची. ही कार्डं सरांनी परदेशातल्या एका शैक्षणिक संकेतस्थळावरून उतरवून घेतली होती. स्वतः बसून मराठीत आणली होती आणि बारामतीच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतली होती. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजमध्ये असंच शिकवत असतील, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

सर तासिका तत्त्वावरचे. तास घेतला तर शिक्षक, सुट्टी लागली की कोणी नाही. दर जूनमध्ये त्यांची नेमणूक नव्याने व्हायची, किंवा व्हायची नाही. समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र दोन्ही त्यांच्याकडेच होतं. एका माणसात दोन विषय भागतात हे संस्थेच्या लवकर लक्षात आलं होतं.

पहिलं कार्ड समाजशास्त्राचं. प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि आपण समाजाच्या कोणत्या पायरीवर उभे आहोत ते शोधायचं. ‘सुट्टीत तुमचं कुटुंब परदेशी जातं का?’ असा एक प्रश्न होता. मागून एका बारामतीच्या मुलाने विचारलं, “सर, इंदापूर तालुका धरायचा का?” आम्ही इंदापूरवाल्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं, पण सर मनापासून विचार करत होते. पुढचा प्रश्न होता, ‘घरात एखादं वाद्य आहे का?’ एकाच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. तो म्हणाला, “ढोल हाय सर. पण तो समद्या वस्तीचा हाय.” सरांनी कार्डांबरोबर आलेली मार्गदर्शिका उलटसुलट चाळली. वस्तीच्या ढोलाला गुण नव्हते. शेवटी सगळ्या वर्गाची बेरीज केल्यावर असं निघालं, की आम्ही ज्या पायरीवर उभे आहोत ती त्या शिडीला नाहीच.

सर खचले नाहीत. दुसरं साधन त्यांनी जपून ठेवलं होतं. तीन देशांची नदी परिषद. एकच नदी तीन देशांतून वाहते, वरच्या देशाला धरण बांधायचं आहे. कार्डावर देशांना निळा, पिवळा आणि तांबडा अशी नावं होती. वर्गाने ती पहिल्याच दिवशी बदलली. पाटाच्या सुरुवातीला आमच्याकडे हेड म्हणतात आणि शेवटाला टेल. त्यामुळे हेडचा देश, मधला देश आणि टेलचा देश. हेडचा देश पणदऱ्याच्या एका मुलाकडे गेला. मी सणसरची, म्हणून टेल माझ्याकडे. कार्डं वाटताना कोणी गावं बघितली नव्हती, असं सर अजूनही सांगतात.

त्याच सुमारास कॉलेज तपासायला बाहेरची समिती येणार होती. प्राचार्यांनी सरांना आदर्श पाठ घ्यायला सांगितलं. पाठ चांगला झाला तर जूनचं बघू, असंही म्हणाले. सरांनी आमच्यापासून लपवलं नाही. म्हणाले, “पोरांनो, माझं पुढचं वर्ष या एका तासावर आहे. दुसरं काही नको. फक्त नीट भांडा.”

मार्गदर्शिकेत लिहिलं होतं, ‘विद्यार्थी तावातावाने वाद घालतील. शिक्षकाने हस्तक्षेप करू नये.’

सराव सुरू झाला. सरांनी ठराव वाचायला घेतला, “वरच्या देशाने नदीवर धरण...”

“मंजूर! मंजूर!” सगळा वर्ग ओरडला.

यात कोणाची चेष्टा नव्हती. आम्ही सगळे सभासदांची मुलं. दूध संस्थेची वार्षिक सभा आम्ही लहानपणापासून बघत आलो. वर विषय वाचतात, खाली मंजूर म्हणतात, आभार, चहा. विषय वाचून पुरा होईपर्यंत थांबणं म्हणजे वाचणाऱ्यावर अविश्वास दाखवणं.

“अरे, पण चर्चा?” सर म्हणाले.

“झाली की सर. कँटीनला झाली,” हेडचा देश म्हणाला. “टेलवाल्यांना अध्यक्षाशेजारची खुर्ची दिलीया. आभार बी त्यांनीच मानायचं.”

“धरणाला विरोध नाही कुणाचा?”

“पावण्यांच्या म्होरं विरोध? बरं दिसतं का सर?”

सर आठवडाभर वर्गाला भांडायला शिकवत होते. मुलं मान डोलवायची, आणि भांडण्याचा ठराव एकमताने मंजूर करायची. शेवटी एके दिवशी तास संपल्यावर सरांनी मला थांबवलं. “तू तरी विरोध करशील का?”

मी वर्गात तोपर्यंत ‘हजर’ याच्यापलीकडे फारसं बोलले नव्हते. पण सरांना नाही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. म्हणून मी विरोधाला होकार दिला.

घरी वडिलांना सांगितलं. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. ते दूध संस्थेच्या एकाही सभेला चुकलेले नाहीत.

“विरोध? आन् तो कशापायी?”

“अभ्यासक्रमात हाय तात्या.”

त्यांनी बराच विचार केला. “मग बसून कर. उभं राहिलं की लोकांच्या ध्यानात राहतं.”

“कर म्हनं विरोध,” आई चुलीजवळून म्हणाली. “पर नंतर चहा घे त्यांच्यासंगं. न्हायतर म्हणतील, पोरगी रागीट हाय.”

माझ्या तांबड्या कार्डावरचा मजकूर मी पाठ केला. ‘आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार खालच्या तीरावरील राष्ट्रांच्या न्याय्य वाट्याचा विचार व्हावा.’ एसटीत पुटपुटायचे, गोठ्यात म्हणून बघायचे. म्हशीने एकदाही मंजूर म्हटलं नाही, तेवढाच धीर.

समिती आली. गुलाबाची फुलं दिली, नारळ दिले, फोटो काढले. पाहुणे पहिल्या बाकांवर बसले. बाकं त्यांच्या मापाची नव्हती. सर कागद घेऊन उभे राहिले. त्यांनी ठराव वाचायला सुरुवात केली.

“मंजूर! मंजूर!”

पाहुणे आल्यामुळे आवाज सरावापेक्षा दणदणीत. समितीच्या अध्यक्षांनी बाकावर काढून ठेवलेलं घड्याळ बघितलं. “झालं?” त्यांनी विचारलं. प्राचार्य हसले आणि त्यांनी दाराकडे बघून चहाची खूण केली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर शिक्षकाची नव्हती. जूनमध्ये काय होणार, हे आधीच कळलेल्या माणसाची होती.

बसून करायचं तात्यांनी सांगितलं होतं, ते मी विसरले. उभी राहिले. उभी राहिल्यावर कार्डही विसरले. आंतरराष्ट्रीयपर्यंत आठवलं, पुढचं कोरं.

“आमच्या देशाचा विरोध हाय,” मी म्हणाले.

हेडचा देश अर्धवट उठला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “ताई, विषय झाला. बसा खाली. खुर्ची दिलीय न्हवं तुमाला?”

“खुर्चीवर ऊस येतो का?”

हे कार्डावर नव्हतं. हे बहुधा आईचं होतं, माझ्या तोंडून निघालं. पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं, आणि मला थांबता येईना. “आमची पाळी येईस्तोवर हितं पानं वळत्यात. तुमच्या देशात मात्र पाणी रस्त्यावरनं वाहतंय. धरण झाल्यावर काय, आमाला थेंब मोजून देणार का?”

“आमच्या नावानं कशाला बिल फाडता?” तो आता पुरा उठला. “मधल्या देशाला इचारा की! पाटात मोटारी टाकून कोण उपसतंय?”

“ए, आमचं नाव घ्यायचं न्हाय!” मधला देश बाकावरून उठला. “रातचं पाटाचं दार कुणी उचललं ते आधी सांग. तुमच्या पणदऱ्याच्या...”

“देश म्हणा!” सर ओरडले. “गाव म्हणू नका!”

त्यांचा हस्तक्षेप एवढाच. त्यानंतर ते हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभे राहिले. समोर तीन राष्ट्रं एकमेकांच्या चुलत्यांची, मोटारींची आणि बांधांची उणीदुणी काढत होती, आणि सरांचा चेहरा असा उजळला होता की जणू त्यांचाच निकाल लागलाय. अध्यक्षांनी घड्याळ पालथं घातलं. बाकात अवघडून बसलेले ते, पण पुढे सरकून ऐकत होते.

शेवटी प्राचार्यच मध्ये आले. अत्यंत खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली, असं जाहीर करून त्यांनी आभार मानले. पोहे आले. आईने सांगितल्याप्रमाणे मी चहा घेतला. हेडच्या देशाने स्वतःहून कप आणून दिला. “मनाला लावून घेऊ नका ताई,” तो म्हणाला. “देशाचं होतं ते.”

संध्याकाळी तात्यांनी विचारलं, “उभी राहिलीस?”

“व्हय.”

“मग? पाणी मिळालं का तुमच्या देशाला?”

“न्हाय. पोहे मिळाले.”

“आमच्या सभेत नुसता चहा असतोय,” तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता की काय, मला ठरवता आलं नाही.

जूनमध्ये सरांना नेमणूक मिळाली. मला वाटलं, आता ही गोष्ट संपली. पण समितीला तो विरोध फार आवडला होता, आणि समितीला आवडलेली गोष्ट कॉलेज सोडत नाही. पुढच्या आदर्श पाठाची कार्यक्रमपत्रिका प्राचार्यांनी स्वतः तयार केली. स्वागत, ठरावाचं वाचन, विरोध (एक विद्यार्थिनी, थोडक्यात), मंजुरी, आभार. सरांनी ती मला दाखवली तेव्हा ते माझ्याकडे न बघता डब्याचं झाकण लावत होते. मी तोवर तिथेच एम. ए.ला होते. “नवीन मुलीला जरा तयार कर,” ते म्हणाले. “तुला अनुभव आहे.”

नवीन मुलगी कऱ्हाटीची. माझ्याहून शांत. डबा उघडून मी तिला तांबडं कार्ड दिलं आणि समजावलं की हा टेलचा देश, याला पाणी शेवटी आणि कमी मिळतं, म्हणून याचा विरोध. तिने कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“ताई, आमच्याकडं पाटच न्हाय. शेवटी बी येत न्हाय. मग माझा देश कुठला?”

मी डब्यातली सगळी कार्डं काढून बाकावर मांडली. निळं, पिवळं, तांबडं. सरांना विचारलं. सरांनी मार्गदर्शिका शेवटच्या पानापर्यंत बघितली. ज्या देशातून नदी जातच नाही, त्याला परिषदेत बोलावलेलं नव्हतं.

“आता?” सर म्हणाले.

मुलीने तांबडं कार्ड माझ्या हातात परत दिलं.

“मग बोलावलंच न्हाय, मी त्यालाच विरोध करते,” ती म्हणाली. “तेवढं पाठ बी करायला लागायचं न्हाय.”