बर्फ लिहिणारी सुषमा

कॅनडातल्या नॉर्थ हार्लन नावाच्या लहानशा गावात बर्फ पडला की आधी शाळेसमोरचा रस्ता मोकळा करतात, मग दवाखान्याचा. नदीकडच्या आळीत म्हातारी माणसं राहतात, तिकडे दुपारपर्यंत कोणी फिरकत नाही. सुषमा वरठाला हे सगळं पाठ होतं. तिथलं वाचनालय रविवारी बंद ठेवायचं ठरलं तेव्हा कोणत्या सभासदाने विरोध केला, हेही ती सांगू शकली असती. ती स्वतः मात्र कधी विरारच्या खाली गेली नव्हती आणि वापीच्या वर गेली नव्हती. धुंदलवाडीपलीकडच्या एका पाड्यावर आई नवशीबरोबर ती राहत होती, आणि रोज सकाळी इको गाडीत सात-आठ जणांत दाबून बसून आशागडवरून डहाणू रोडला कामाला येत होती.

हे काम तिला २०१४च्या पावसाळ्याआधी मिळालं. आश्रमशाळा, मग बोर्डीचं वसतिगृह, मग इंग्रजी घेऊन बी.ए., एवढं करून ती दोन वर्षं घरी बसली होती. शिक्षकाच्या जागा निघतच नव्हत्या. पाड्यावरच्या बाया नवशीला विचारायच्या, "एवढी शिकवलीस, मग भात लावायला कशी येते ती?" 

ओंकार सावे हा बोर्डीचा. घरची चिकूची वाडी, समुद्राला लागून नारळ. त्याची बहीण भाविका लग्न होऊन नॉर्थ हार्लनला गेली होती आणि तिथल्या दुकानदारांना वेबसाइट करून द्यायची. तिच्या गिऱ्हाइकांत ग्लेन नावाचा एक माणूस होता. वाद्यं, स्पीकर, मोबाइल असलं सगळं विकणारं त्याचं दुकान होतं. आपण रोज काहीतरी लिहावं, गाण्यांवर, नव्या यंत्रांवर, हवेवर, गावातल्या बातम्यांवर, आणि लोकांनी ते वाचून दुकानात यावं, अशी त्याची फार इच्छा. अडचण एवढीच, की त्याला लिहिता येत नव्हतं. भाविकाने ते काम भावाकडे पाठवलं. ओंकारने स्टेशनजवळ एका दुकानावरची खोली घेतली, दोन कॉम्प्युटर मांडले आणि इंग्रजी येणारं माणूस शोधायला लागला. कॉलेजातल्या एका मॅडमनी सुषमाचं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी ओंकार तिला म्हणाला, "तू आजपासून ग्लेन. वय एकावन्न, गिटार वाजवतो, थंडीला शिव्या देतो, मनाने चांगला आहे. जमेल?"

"जमेल, सर," सुषमा म्हणाली.

पण बर्फ काही जमेना. तिने लिहिलेलं भाविका परत पाठवायची. 'हे पुस्तकातलं वाटतं,' एवढाच शेरा असायचा. एक दिवस सुषमा जेवणाच्या सुट्टीत खाडीकडे गेली. मासळीच्या होड्यांसाठी तिथे बर्फाच्या लाद्या फोडतात. तिने एका माणसाला विचारून चुऱ्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि आता सोसवत नाही असं होईपर्यंत तसाच ठेवला. तो माणूस बघत राहिला. बोटांतली जाणीव आधी टोचत जाते, मग जातेच, आणि परत येताना जास्त दुखतं, हे तिने दुपारी लिहिलं. त्या दिवसापासून भाविकाचा शेरा आला नाही. वर्षभरात ती न वाचताच लेख जाऊ देऊ लागली. पुढे सुषमा स्वतःच लेख वेबसाइटवर टाकायला लागली.

जे हेडफोन तिने कधी कानाला लावले नव्हते, त्यांच्यावर तिने लिहिलं. कुणाचा कुत्रा हरवला आणि चार दिवसांनी चर्चच्या मागे सापडला, त्यावर लिहिलं. ओंकारचा इअरफोन घेऊन ती तिकडची जुनी गाणी ऐकायची. सुरुवातीला सगळी सारखीच वाटायची, मग एखादं आवडायला लागलं. लोक खाली लिहायचे, ग्लेन, तू माझ्या मनातलं लिहिलंस. वाचताना सुषमाला बरं वाटायचं आणि लगेच दुसऱ्या कोणाचं पत्र फोडल्यासारखंही वाटायचं.

२०१७च्या उन्हाळ्यात एकदा लिहायला काहीच सुचेना, तेव्हा तिने आईवर लिहिलं.

नवशी पूर्वी धवलेरी होती. पाड्यावर लग्न असलं की भिंतीवर काढलेल्या लग्नाच्या चौकापाशी बसून ती गाणी म्हणायची, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नसे. आजूबाजूच्या दहा पाड्यांवरून बोलावणं यायचं. पण हा मान सवाष्णीचा. सुषमाचा बाप लक्ष्या गेला आणि बोलावणं थांबलं. जिने शेकडो लग्नं लावली ती मांडवाच्या कडेला बसू लागली. तिची गाणी उरली ती भांडी घासताना, तीही भिंतीकडे तोंड करून.

सुषमाने पाड्याच्या जागी चर्च घातलं, चौकाच्या जागी पियानो, आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. ग्लेनची मेलेली आई तरुणपणी लग्नांत गायची. वडील वारले तसं तिला कोणी बोलावेनासं झालं, आणि ती बेसिनपाशी पाठमोरी उभी राहून गात राहिली.

तो लेख नॉर्थ हार्लनमध्ये घरोघर वाचला गेला. माणसांनी आपापल्या आयांच्या आठवणी खाली लिहिल्या. हिवाळ्यात तिथल्या वाचनालयाने ग्लेनला बोलावून मानचिन्ह दिलं. भाविकाने त्याचा व्हिडिओ पाठवला. ओंकारने सुषमाला खुर्ची ओढून शेजारी बसवलं. पडद्यावर एक जाडसर, लाल गालांचा माणूस तिचा लेख वाचत होता. 'पाठमोरी' या जागी त्याचा आवाज फुटला. त्याने चष्मा काढून डोळे पुसले, आणि सभागृह उभं राहिलं.

"काय वाचतो बघ," ओंकार म्हणाला. "भाविका सांगत होती, त्याच्या आईला गाण्याचं वावडं होतं म्हणे. आता मानचिन्हाबद्दल आभाराचा लेख लाग लिहायला. सगळ्यांची नावं ती पाठवेल."

सुषमाने आभाराचा लेख लिहिला. वाचनालयाच्या बाईंचे, शेजाऱ्यांचे, दिवंगत आईचे आभार मानले. तो पाठवून झाल्यावर तिने विचारलं, "सर, खाली कुठेतरी माझं नाव येईल का? बारीक अक्षरांत आलं तरी चालेल."

ओंकार चिडला नाही. समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुझं नाव आलं की काम गेलं, सुषमा. ते ग्लेनला वाचतात. धुंदलवाडीच्या पोरीला कोण वाचणार? मी तुझ्या भल्याचंच सांगतो."

त्या दिवशी घरी तिने आईला सांगितलं, "आये, मी तुझ्या गाण्याबद्दल लिहिलं. परदेशात लोकांनी वाचलं, रडले."

नवशी तांदूळ निवडत होती. "माझं नाव होतं?"

"नाही."

"मग माझ्याबद्दल कसं?" नवशीने विचारलं, आणि सूप झटकून परत निवडायला लागली.

 नंतर बरेच दिवस नवशी भांडी घासतानाही गायली नाही. 

२०१८च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. आधी लोकांना वाटलं, कुठे सुरुंग लावताहेत. मग रोजचंच झालं. खालून घरघर यायची, भांडी वाजायची, कोंबड्या ओरडायच्या. सुषमाचं घर सरकारी योजनेतलं, विटांचं. शेजारची जुनी कुडाची घरं हलून पुन्हा होती तशी उभी राहत, विटांच्या भिंतीला मात्र चीर पडली. आधी ती केसाएवढी होती, नाताळपर्यंत तिच्यात बोट जाऊ लागलं. माणसं थंडीत अंगणात झोपू लागली. पुढे सरकारने तंबू दिले. नवशीला खोकला लागला.

सुषमा त्या दिवसांत कामावर येऊन नॉर्थ हार्लनच्या थंडीवर लिहीत होती. उणे एकतीस अंश. पाण्याच्या नळ्या गोठू नयेत म्हणून काय करावं. एका म्हाताऱ्या बाईच्या घराचा हीटर बंद पडला तर अर्धं गाव कसं धावून गेलं.

एकदा तिने विचारलं, "सर, ग्लेनने कुठेतरी वाचलं म्हणून इकडच्या भूकंपाबद्दल दोन ओळी टाकू?"

"तिकडे कोणाला पडलंय?" ओंकार म्हणाला. "इथल्या पेपरात चौथ्या पानावर येतं ते."

फेब्रुवारीतल्या पहिल्या शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला डहाणू रोडची ती खोलीसुद्धा हलली. टेबलावरचा पेला सरकत जाऊन खाली पडला. दोघं जिन्यावरून रस्त्यावर पळाली. सगळा बाजार रस्त्यात उभा होता. सुषमाने पाड्यावर आईला फोन लावला, शेजारच्या तानीला लावला, पुन्हा आईला लावला. लागेना. कोणीतरी म्हणालं, धुंदलवाडीकडे जोरात झालाय.

"सर, मी निघते."

ओंकारचाही चेहरा उतरला होता. तो बोर्डीला फोन करत होता आणि त्याचा लागला होता. घरचे सुखरूप आहेत म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, "जा ना. फक्त आजचा लेख टाक आणि जा. तिकडे सकाळ व्हायच्या आत पडायला हवा. दहा मिनिटांचं काम आहे."

सुषमा वर गेली. लेख तयार होता, बर्फ साफ करणाऱ्या नव्या गाडीवरचा. तो तिने पुसला आणि इंग्रजीत लिहिलं: 'आज माझ्या पायाखालची जमीन हलली. तीन महिने हलते आहे. माझी आई आत्ता कुठे आहे मला माहीत नाही. फोन लागत नाही. आमच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर आहे, आणि आम्ही थंडीत बाहेर झोपतो. बातमीत आमच्या गावाचा आकडा येतो, माणूस येत नाही.' खाली नेहमीप्रमाणे ग्लेनचं नाव आणि फोटो आपोआप आले. तिने पर्स उचलली आणि गाडी पकडली.

घराची मागची भिंत पडली होती. नवशी तेव्हा बाहेर लाकडं रचत होती म्हणून वाचली. पडत्या विटांतली एक पायावर आली होती, पाय सुजला होता. तंबूत बसून ती हळद लावत होती. लेकीला बघून म्हणाली, "कामावरून लवकर सोडलं?"

सुषमा तिच्या पायाशी बसली आणि रडली. कित्येक वर्षांत ती अशी रडली नव्हती.

नॉर्थ हार्लनमध्ये सकाळ झाली तशी माणसं ग्लेनच्या दारात जमली. कोणी सूप घेऊन आलं, कोणी ब्लँकेटं. आग विझवणारे स्वयंसेवक भिंतीची चीर शोधू लागले. त्याची बहीण दुसऱ्या गावाहून रडत फोन करत होती, कारण आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि भाऊ तिला शोधत होता. ग्लेन पायजम्यातच दारात उभा. आपण काय लिहिलं, हे त्याने पहिल्यांदा शेजाऱ्याच्या मोबाइलवर वाचलं.

हे सगळं सुषमाला सोमवारी ओंकारकडून कळलं. तो तिला बसही म्हणाला नाही.

"बहिणीचं नाव घालवलंस. तिला त्या गावात राहायचं आहे. तुला मी कुठून उचलून आणलं, विसरलीस?"

"सर, भूकंप झाला की नाही?"

"इथे झाला. तिथे नाही."

"मी इथेच बसून लिहीत होते."

"तेवढंच कळलं नाही तुला पाच वर्षांत," ओंकार म्हणाला. "की लिहिताना तू इथे नव्हतीस."

आईची तब्येत, घराची भिंत, यातलं त्याने काही विचारलं नाही. ती दारापर्यंत गेल्यावर मात्र तो म्हणाला, "कोणाला सांगू नकोस हे. तुलाच दुसरीकडे काम मिळायला अडचण होईल."

महिनाभराने सुषमाने मोबाइलवर ग्लेनचं पान उघडून बघितलं. त्याने माफी मागितली होती. त्या दिवशी अंगात ताप होता, आईची फार आठवण आली, तापात काय लिहिलं कळलं नाही. इंग्रजी कच्चं होतं, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं. खाली नव्वद माणसांनी त्याला धीर दिला होता. एका बाईने लिहिलं होतं, तुझ्यासारखं मन असलेल्या माणसालाच असा ताप येतो. आईवरचा लेख तसाच होता, सगळ्यात वर, मानचिन्हाच्या फोटोसकट.

पडझडीचा पंचनामा झाला तेव्हा नवशीचं घर यादीत आलं नाही. तलाठी आले त्या दिवशी ती पाय दाखवायला कासाच्या दवाखान्यात गेली होती. अर्ज करा, असं सांगितलं. सुषमा तलाठी कार्यालयाच्या बाकावर कागद घेऊन बसली. पाच वर्षांत तिने हजारभर लेख लिहिले होते, पण 'मी' लिहिल्यावर पुढचं वाक्य येईना. आपलं घर, आपली भिंत, आपली आई सांगायची कशी? शेवटी दीड पान झालं. त्यात चीर होती, अंगणातली थंडी होती, नवशीचा खोकला होता.

कारकुनाने ते वाचलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "ताई, छान लिहिलंय, पण एवढं साहेब वाचत नाहीत," आणि छापील नमुना पुढे सरकवला. त्यात दोनच ओळींची जागा होती. तिने लिहिलं: घराची मागील बाजूची भिंत पडली आहे. मदत मिळावी, ही विनंती. घर आईच्या नावावर, म्हणून नवशीने अंगठा लावला आणि शाई पदराला पुसली.

जूनपर्यंत उत्तर आलं नाही. मागच्या बाजूला त्यांनी ताडपत्री बांधली. सुषमा उंबरगावच्या जीआयडीसीत, म्हणजे गुजरातेतल्या कारखान्यांच्या वसाहतीत, पेनांना टोपणं लावायच्या कामाला लागली. तिथे पहिल्याच दिवशी मुकादमाने विचारलं, "शिक्षण किती?"

"दहावी," ती म्हणाली.

मुकादमाने तेवढंच लिहून घेतलं.