दुसऱ्याच्या नावावर खेळलेला सामना

त्या रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याचा सुपरवायझर मालाच्या लिफ्टच्या खड्ड्यात पडून मरण पावला. सोमवारी दुपारी मी एका कबड्डीपटूला खुनाच्या आरोपाखाली अटक केली. तो चोवीस वर्षांचा होता आणि त्याच गाळ्यात पॅकिंगचे काम करत होता.

नोकरीतले बरेच गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळतात. हा मिसळत नाही. गेल्या महिन्यात आमचे हवालदार वारले. पोलीस ठाण्यात सगळे त्यांना काका म्हणत. मीही म्हणायचो, अधिकारी असल्यामुळे जरा हळू आवाजात. त्यांच्या तेराव्याहून परतल्यापासून हे लिहितो आहे. दिवसाला एखादा परिच्छेद होतो.

खबर गाळ्याच्या मालकाने दिली. आम्ही आधी अपमृत्यूची नोंद केली होती. सोमवारी सकाळी मालक स्वतः ठाण्यात आला आणि म्हणाला की हा अपघात नाही. स्पर्धेसाठी रजा नाकारली म्हणून त्या खेळाडूने शुक्रवारी सुपरवायझरची कॉलर धरली होती, ‘तुला बघून घेईन’ असे सगळ्यांसमोर म्हटले होते, आणि रविवारी तो आवारात दिसला होता. कॉलरची गोष्ट चार कामगारांनी सांगितली. आवारातल्या गोष्टीला साक्षीदार फक्त मालक होता. तेव्हा मला ते पुरेसे वाटले.

खेळाडू म्हणाला, रविवारी दिवसभर घरीच होतो. तो आईबरोबर कांदिवलीला राहायचा. वडील गिरणीत होते, ते केव्हाच वारले होते. तिला विचारले तर ती सरळ बोलली, सकाळी सातला बॅग घेऊन गेला, रात्री आला. मुलाने काय सांगितले आहे ते तिला ठाऊक नव्हते. त्याचा फोनही दिवसभर बंद होता. शिवाय दोन्ही कोपरांवर आणि एका गुडघ्यावर ताजे खरचटलेले. खोटे बोललेला, फोन बंद ठेवलेला, झटापटीच्या खुणा असलेला माणूस माझ्यासमोर बसला होता. मी ठाण्याच्या दारात उभा राहून दोन वाहिन्यांना माहिती दिली. आरोपी नामवंत चढाईपटू आहे, हे सांगायला विसरलो नाही.

तीन दिवस चौकशी केली. तो एकच वाक्य धरून होता. कुठे होतास? घरी. आई नाही म्हणते. मग गप्प. पोलिसाच्या अनुभवात गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा समोरच्याचा अंदाज घेत असतो. हा मान खाली घालून बसायचा, शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलासारखा. ही नोंद मी मनात केली, डायरीत केली नाही.

काका मालवणकडचे. तरुणपणी पोलिसांच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळायचे. ठाण्यात वर्तमानपत्र आले की ते मागचे पान आधी वाचत. कोणी हसले तर म्हणत, “मर्डर कुठे पळत नाय, स्कोअर शिळा होतो.” आरोपीची आई डबा घेऊन बाकावर बसून असायची. तीही तिकडचीच, म्हणून तिच्याशी ते मालवणीत बोलायचे. “गे बाय, भिया नको,” एवढेच मला कळायचे. मला ते आवडले नव्हते. तपास चालू असताना हवालदाराने असा दिलासा देऊ नये, असे मी त्यांना सुनावलेही होते. त्यांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला चहा दिला.

कोठडीतल्या आरोपीला वैद्यकीय तपासणीसाठी न्यावे लागते. गुरुवारी काका त्याला घेऊन गेले. परत आले ते सरळ माझ्या खोलीत.

“साहेब, त्याची कोपरं बघितलीत?”

बघितली होती. पंचनाम्यातही घेतली होती.

“मातीवर घासलं तर रेघा उठतात, खडे रुततात. सिमेंटवर कातडी फाटते. ह्याचं कोपर भाजल्यासारखं गुळगुळीत लाल आहे. हे मॅटचं आहे, साहेब. आणि ह्याचं मंडळ खेळतं मातीवर.”

मग त्यांनी सांगितले की घोट्यावर बोटांचे वळही आहेत, आणि घोटा असा फक्त कोपऱ्यावरचा गडी धरतो. मी म्हणालो, त्याच्या मंडळाचा रविवारी सामना नव्हता, आपण तपासले आहे. काका म्हणाले, “त्याच्या मंडळाचा नव्हता. तो कोणाच्या मंडळातून खेळला, ते विचारू या.”

आम्ही दोघे कोठडीसमोर गेलो. काकांनी आवाज न चढवता विचारले, “कोणाच्या नावावर खेळलास रे?”

तो रडू लागला. चार दिवसांत पहिल्यांदा.

कबड्डीत खेळाडूची नोंद एका मंडळाकडे असते. दुसऱ्या मंडळाकडून, दुसऱ्याच्या नावावर खेळणे हा मोठा गुन्हा. खेळाडूवर बंदी येते आणि खेळवणारा संघ बाद होतो. उरणकडच्या एका गावातल्या संघाचा चढाईपटू जखमी झाला होता. तिथल्या प्रशिक्षकांनी याला लहानपणी सुट्टीत मावशीच्या गावी आल्यावर कबड्डी शिकवली होती. त्यांनी गळ घातली, हा गेला. आपल्या मंडळाचे फोन येऊ नयेत म्हणून फोन बंद ठेवला.

मी चिडून विचारले की फाशीच्या गुन्ह्यात अडकलास आणि हे लपवून ठेवलेस? त्याने दिलेले उत्तर मी शब्दशः लिहून ठेवले आहे.

“साहेब, खून मी केलाच नाही, ते कधीतरी तुम्हाला कळलंच असतं. पण हे कळलं तर वर्षभर बाहेर. आणि सरांची ट्रॉफी जाईल.”

पोलिसांवर इतका विश्वास ठेवणारा आरोपी मला त्याआधी भेटला नव्हता, नंतरही नाही.

त्या स्पर्धेचे चित्रीकरण मोबाइलवर सापडले. काका आणि मी माझ्या टेबलावर फोन पाण्याच्या ग्लासला टेकवून बसलो. पाच वाजताचा उपांत्य सामना. निवेदक भलत्याच माणसाचे नाव घेत होता आणि मॅटवर आमचा आरोपी चढाई करत होता. तिसऱ्या चढाईत तो दोन्ही कोपरांवर घसरला. काका खुर्चीतून अर्धे उठले. “हात गेला पाहिजे होता आधी, पाय कसला टाकतो,” असे पुटपुटले. आपण निर्दोषत्वाचा पुरावा बघतो आहोत हे ते बहुधा विसरले होते.

पुढचे काम दोन दिवसांचे. लिफ्टच्या दाराची कडी तुटली होती. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीने जबाब दिला की त्याने ते दार तारेने बांधून मालकाला बजावले होते. आमच्या पंचनाम्यात तार नव्हती. मालकाला समोर बसवले तेव्हा त्याने कबूल केले. माल चढवताना त्यानेच तार सोडायला लावली होती आणि अपघातानंतर ती फेकून दिली होती. खेळाडूला आवारात पाहिल्याची कथा त्याने स्वतःला वाचवण्यासाठी रचली होती. निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर लागला. मी न्यायालयात अहवाल दिला आणि खेळाडू सुटला.

माझ्या दृष्टीने प्रकरण संपले होते. जिल्हा संघटनेने त्याला दुसऱ्याच्या नावावर खेळल्याबद्दल एका हंगामाची बंदी घातली. त्याने ती तक्रार न करता भोगली. लोक मात्र समजले, ही खुनाची शिक्षा. बंदी संपल्यावर संघटनेच्या चिटणिसांनी मला फोन केला. काही मंडळे म्हणत होती की असा खेळाडू नको, साहेब तुम्हीच सांगा. मी म्हणालो, न्यायालयाने सोडले आहे, माझे काम संपले. काका शेजारी उभे होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, “अटक केलीत तेव्हा टीव्हीवर गेलात. सुटला ते कोणाला सांगितलंत, साहेब?”

मी त्याच दोन वाहिन्यांना फोन केले. एकाने सांगितले, आता त्यात बातमी नाही. दुसऱ्याने फोन उचलला नाही. मग चिटणिसांना पुन्हा फोन करून दोन पानांचे पत्र माझ्या सहीने पाठवले. त्याला खेळायला मिळाले.

त्याच्या पहिल्या सामन्याला काका मला ओढून घेऊन गेले. तो चढाईला जाई आणि समोरचे सातही जण मागे सरकत. तो बोनस घेई, हात लावून गुण घेई, परत येई. कोणी पकडत नव्हते. प्रेक्षकही शांत. संघ मोठ्या फरकाने जिंकला आणि हा बाजूला जाऊन बूट काढत बसला. काकांनी पाठ थोपटली तर म्हणाला, “काका, ते मला हात लावत नाहीत. असं खेळून काय करू? सोडतो मी.” जिल्हा संघाची निवड चाचणी पुढच्या रविवारी होती.

बुधवारी संध्याकाळी काका त्याच्या मंडळाच्या सरावाला गेले. मी बरोबर होतो. शेजारच्या मंडळांची मुलेही बघायला उभी असत. काकांना निवृत्तीला दहा महिने उरले होते. त्यांनी चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उजव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

“ये.”

“काका, नको. लागेल तुम्हाला.”

“मला लागेल? अरे, तुझ्या सरांचा घोटा मी दोनदा धरलाय. ये गुमान.”

तो आला, पण अर्ध्या मनाने. काकांनी वाकून घोटा धरला आणि सोडला नाही. तो ओढू लागला तेव्हा खरा ओढू लागला. दोघे मातीत पडले आणि काका खालून ओरडले, “बघताय काय रे, या की!” आधी त्याच्या मंडळाची मुले अंगावर पडली, मग बाहेर उभी असलेली दोघे-तिघे. मातीचा ढिगारा झाला. सगळ्यात खाली आमचा हवालदार हसत होता. त्यांच्या खांद्याचे स्नायू फाटले. आजारपणाच्या रजेच्या अर्जात त्यांनी कारण लिहिले, ‘कबड्डी’. मी तो तसाच मंजूर केला.

निवड चाचणीत पहिल्याच चढाईला मुलुंडच्या एका कोपरारक्षकाने त्याला आडवा केला. मैदानात शिट्ट्या झाल्या. तो बाद होऊन बाकावर बसला, आणि गुण गमावून इतका आनंदी झालेला माणूस मी पाहिलेला नाही. त्या वर्षी त्याची निवड झाली नाही. पुढच्या वर्षी झाली.

गंभीर आरोपातून सुटलेल्या खेळाडूंनी पुन्हा खेळावे का, असे मला अजून विचारतात. सुटलेले सगळे निर्दोष नसतात हे मला माहीत आहे. साक्षीदार फिरल्यामुळे सुटलेले मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी माझे मत बदललेले नाही. पण ते माझे मत आहे, निकाल नव्हे. खेळाने आपल्या नियमांनी शिक्षा द्यावी, जशी याला दिली. त्यापलीकडची शिक्षा कोणी ठरवत नाही, म्हणून ती कधी संपतही नाही. आणि ज्याने आरोप मोठ्याने सांगितला, त्याने सुटकाही तितक्याच मोठ्याने सांगावी. मला ते हवालदाराने शिकवले.

काका आता नाहीत. त्यांना खांदा द्यायला तो आला होता, आईही आली होती. तो अजून खेळतो. परवाच्या रविवारी मी एकटाच बघायला गेलो. त्याची चार वेळा पकड झाली.