चाळीसच्या पुढे न गेलेली गाडी

बाळांनो, "आजी, तू डोंगरात गाडी पळवत होतीस हे खरं का?" असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. खरं आहे. पण आत्याने तुम्हाला अर्धीच हकीगत सांगितली. उरलेली अर्धी माझ्या चुकीची आहे, म्हणून ती मीच लिहिते.

आत्याची जुनी लाल गाडी इथे आयर्लंडमधल्या नास गावात आम्हा दोघांच्या वापरात होती. गेल्या वर्षी ती ऑइल खाऊ लागली, मग निळा धूर सोडू लागली. गॅरेजवाल्याने सांगितलं, भंगारात द्या. त्यावर आजोबा म्हणाले, "इंजिन मी उघडतो."

हे ऐकून आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. चिंचवडच्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनं बांधलेला हा माणूस इथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाला होता. एका हाताने स्टिअरिंग धरायची जुनी सवय नडली. मी पहिल्याच खेपेला पास झाले, आणि त्याने बहुधा जखमेवर मीठच चोळलं गेलं. तेव्हापासून ते खिडकीशी बसून असत. चहा विचारला तर "चालेल", बाहेर जाऊ या म्हटलं तर "तू जा".

शेजारचे गृहस्थ निवृत्त मेकॅनिक आहेत, ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या शेडमध्ये दोघांनी मिळून इंजिन उतरवलं. एकाचं इंग्रजी कारखान्यातलं, दुसऱ्याचं इथल्या किल्डेअर जिल्ह्यातल्या शेतातलं. इंग्रजी शाळेत शिकूनही मला दोन्ही धड कळत नसे, पण त्यांचं एकमेकांशी कुठे अडलं नाही. सिलिंडर घासून घेतले, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या. इंजिन पुन्हा सुरू झालं त्या संध्याकाळी आजोबांनी आपणहून दुसरा कप चहा मागितला.

नेमके दुसऱ्या दिवशी ते तापाने पडले. इंजिनचं रनिंग-इन, म्हणजे सुरुवातीला चालवून ते रुळवायचं काम, माझ्यावर आलं, कारण लायसन्स माझ्याकडे. अंथरुणातून त्यांनी सांगितलं होतं, "एकसारखी चालवू नकोस. जरा जोर काढ तिचा." मला वाटलं, ताप बोलतोय. मी शाळेत असताना माझ्या वडिलांनी पुण्यात नवी गाडी घेतली होती. तिच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी होती आणि काटा चाळीसच्या पुढे न्यायचा नाही, असा घरचा कायदा होता. नव्या वस्तूला जपावं, यात चुकीचं काय असणार?

म्हणून मी चाळीसने गेले. वाचनालयात, दुकानात, कालव्याकाठच्या सपाट रस्त्याने परत. एकदा एक ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला. त्यावरच्या बाईने हात केला, मीही केला. रोजचे किलोमीटर आणि वेग मी वहीत टिपून ठेवले.

दोन आठवड्यांनी आजोबा उठले आणि त्यांनी ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढून पाहिली. ऑइल खाली गेलं होतं. मला गाडी सुरू करायला सांगून ते मागे जाऊन उभे राहिले. निळा धूर होता.

त्यांनी हात पुसले. म्हणाले, "रिंगा मीच चुकीच्या बसवल्या असणार. हात राहिले नाहीत आता. देऊन टाका भंगारात." आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. मला भीती गाडीची नव्हती. त्या खुर्चीतून ते पुन्हा उठतील की नाही, याची होती.

संध्याकाळी शेजारी आले. त्यांनी मला विचारलं, "मिसेस, गाडी चालवली कशी?" मी वही आणून दिली, अगदी अभिमानाने. त्यांनी दोन पानं वाचली.

"रोज चाळीस?"

"एकदाही वर नाही."

त्यांनी वही आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, आणि कित्येक महिन्यांनी ते खदाखदा हसले. "अगं, इंजिन आहे ते, मुरांब्याची बरणी नव्हे!"

मग त्यांनी मला समजावलं. नव्याने घासलेला सिलिंडर टाकी लावलेल्या पाट्यासारखा किंचित खरबरीत असतो. इंजिनवर जोर पडला की रिंगा त्याच्यावर दाबल्या जातात, घासून नीट बसतात. नुसतं गोंजारत राहिलं तर पाटा गुळगुळीत होतो, रिंगा बसतच नाहीत आणि ऑइल वर जळत राहतं.

"म्हणजे चूक माझी?" मी विचारलं.

"माझी नाही, एवढं नक्की," आजोबा म्हणाले. इतक्या आनंदाने मला आजवर कुणी दोष दिला नव्हता.

शेजारी म्हणाले, "दोनशेच किलोमीटर झालेत. उशीर झाला असेल, नसेलही. उद्या डोंगरावर न्या." उशीर झालाच असेल, तर इंजिन पुन्हा उतरवावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेजारच्या विकलो जिल्ह्यातल्या डोंगराकडे निघालो. गाडी चांगली तापेपर्यंत आजोबांनी मला सावकाशच चालवू दिलं. चढ लागला तसे म्हणाले, "तिसरा गिअर. आता दाब."

"अहो, मेंढी आहे!"

"मेंढी गेली. दाब!"

"सत्तर झाले!"

"रस्त्यावरची पाटी ऐंशीची आहे. दाब म्हणतो ना!"

मी दाबलं. जन्मात काढला नव्हता एवढा आवाज त्या गाडीतून काढला. उतारावर पाय उचलायचा, ब्रेक न लावता गाडीला आपोआप मंद होऊ द्यायचं, आणि पुढच्या चढाला पुन्हा दाबायचं. माझी बोटं स्टिअरिंगला चिकटली होती. आजोबा खिडकी उघडून कान बाहेर काढून बसले होते.

आठवडाभर आम्ही रोज गेलो. तिसऱ्या दिवशी धूर विरळ झाला, पाचव्या दिवशी दिसेना. मग ऑइल बदललं आणि महिनाभर मी नेहमीसारखी गाडी वापरली. परवा आजोबांनी डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा बुडवली. ऑइल वरच्या खुणेवरच होतं. त्यांनी ती शेजाऱ्यांपुढे धरली. "ग्रँड," शेजारी म्हणाले. मी मात्र तिथल्याच खोक्यावर बसले.

आज सकाळपासून आजोबा त्या शेडमध्येच आहेत. कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र बिघडलंय म्हणे. आमचं जेवण साडेबाराचं, आता दीड वाजून गेला आहे. मी दोनदा हाक मारली. तिसरी मारत नाही, भात झाकून ठेवते.