तिच्यावाला कप

टेबलावर जागा होती. माझ्या हातातला कप चटके देत होता. तो खाली ठेवायला मी वाकले आणि वहिनींचा हात आडवा आला.

"तिथं नको गं. काच खराब होऊन जाते. तू हातातच धर."

बाकी सगळ्यांचे कप टेबलावर होते. प्रत्येक कपाखाली क्रोशाचा गोल रुमाल. माझ्यापर्यंत येईतो रुमाल संपले. सेटच सहाचा आहे, असं वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. ओढणीच्या टोकात कप धरला आणि पीत राहिले. बोटं भाजत होती आणि मी चहा छान झालाय म्हणत होते.

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून जवळच वहिनींचा बंगला आहे. वहिनी नात्याच्या नाहीत, सगळेच त्यांना वहिनी म्हणतात. त्यांच्या सासरचे पूर्वज दरबारात नोकरीला होते आणि टेबल त्या काळचं. शिसवी लाकूड, पायांवर कोरलेली हत्तींची तोंडं, वर पितळेच्या तारेची वेलबुट्टी. लाकूड जपायला त्यावर काच घातलेली. काच जपायला रुमाल. आमच्या मराठी मंडळाच्या बैठका याच टेबलाभोवती होतात आणि गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमीही याच दिवाणखान्यात.

मी सरकारी शाळेत शिकवते. वडील भुसावळहून रेल्वेच्या नोकरीत इथे आले आणि इथलेच झाले. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलतं. वहिनींच्याही हललं होतं. पण माझी मराठी त्यांना हवी होती. बाकी सगळे "मी येऊन राहिली, तो जाऊन राहिला" असं बोलणारे. वडिलांनी मला घरात तसं कधी बोलू दिलं नाही. यंदा नाटकात मुख्य भूमिका मला मिळाली. लहानपणी मागच्या रांगेत वडिलांशेजारी बसून मी ही नाटकं बघायची आणि घरी येऊन आरशासमोर वाक्यं म्हणायची. ती भूमिका मला किती हवी होती, हे मी कोणाला सांगितलं नाही. वडिलांना न सांगता कळलं होतं.

मग मी काय केलं? टावर चौकातून कपाखाली ठेवायच्या लाकडी कोस्टरचा एक डबा विकत आणला आणि वहिनींना दिला. म्हटलं, आता सगळ्यांना पुरतील. कशाला त्रास घेतलास, असं म्हणत त्यांनी तो ठेवून घेतला. पुढच्या तालमीला त्या डब्यातलं एकच कोस्टर बाहेर आलं. माझ्यापुढे. त्यावर एक जाडसर पांढरा कप. बाकीच्यांचे कप सोनेरी काठाचे, क्रोशाच्या रुमालांवर. तरी मला बरं वाटलं. आपला कप एकदाचा टेबलावर आला, एवढंच मनात आलं. आज ते आठवलं की मला बसवत नाही. उठून घरभर फिरते.

मग ती दुपार. तालीम रंगात आली होती. बँकेतला माधव नाटकात माझा नवरा आहे. वाक्य म्हणताना त्याने हात असा फेकला की खसच्या सरबताचा भरलेला ग्लास आडवा झाला. हिरवं सरबत काचेवर पसरलं, कडेने खाली उतरलं, पितळी वेलबुट्टीत शिरलं. आता वहिनी काय म्हणतील याचीच मला भीती. वहिनी हसल्या.

"होऊन जातं रे. काच तर आहे, पुसून टाकू."

आणि चहाचं बघायला आत गेल्या. माधवही हसला, कोणीतरी त्याला चिडवलं. मी मात्र स्वतःचा रुमाल काढून पुसायला लागले. रुमाल भिजून ठिबकायला लागला तेव्हा तो पिळायला आत गेले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

वहिनींची नवी सून चहा ओतत होती. इंदूरची मुलगी, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. तिने ट्रेमध्ये सगळे सोनेरी काठाचे कप मांडले होते. माझाही त्यातच. वहिनी तिला म्हणाल्या, "तिला यात नको देऊ. तिच्यावाला कप तो, खिडकीतला."

खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, फरशी पुसायच्या फडक्याशेजारी, माझा पांढरा कप उपडा ठेवलेला होता. खाली माझंच कोस्टर.

तिच्यावाला. उज्जैनच्या मराठीत हे वाला कशालाही चिकटतं. माझ्यावाला मोबाइल, तुझ्यावाली गाडी. मी रोज ऐकते, लोकांना त्यावरून चिडवतेही. त्या दिवशी तोच शब्द ऐकला आणि कानशिलं तापली. काच कधीच कारण नव्हती. रुमाल कधीच संपले नव्हते. माझ्या तोंडातला शब्द यांना चालत होता. तोंडाला लागलेला कप चालत नव्हता. मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग. पायापासून वर चढत आलेला.

मी ट्रेमधला सोनेरी काठाचा एक कप उचलला आणि तिथेच, वहिनींच्या डोळ्यांसमोर, एक घोट घेतला. वहिनींच्या तोंडून "अगं" एवढंच निघालं. सुनेच्या हातातली किटली तशीच राहिली. तो कप घेऊन मी बाहेर आले आणि टेबलावर ठेवला. नुसत्या काचेवर. ठेवताना थोडा चहा सांडला. तो मी पुसला नाही.

सगळ्यांना सांगितलं, "या घरात माझा कप वेगळा आहे. खिडकीबाहेर असतो. जाऊन बघून या."

कोणीही उठलं नाही. माधवने नाटकाच्या वहीत डोकं घातलं. वहिनींचे यजमान, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, घसा साफ करून समजवायला लागले. टेबल जुनं आहे, हिला त्याची फार काळजी, तू बुरा नको मानू.

"दादा," मी म्हटलं, "आत्ता इथे अख्खा ग्लास सांडला."

मी पर्स घेतली आणि निघाले. संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला की तालीम पुढे ढकलली आहे.

दुसऱ्या दिवशी दादा आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. खुर्चीच्या कडेवर टेकले. पाणी पुढे केलं तर म्हणाले, आत्ताच पिऊन आलो. मग मुद्द्यावर आले. भूमिका अजून माझीच आहे. वहिनींना रात्रभर झोप नाही. मंडळात फूट नको. मी ग्रुपवर एक ओळ टाकायची, की गैरसमज झाला होता. बस्स, एवढंच. सोमवारपासून तालीम सुरू.

वडील पलंगावर बसून ऐकत होते. लेकीचं नाटक पहिल्या रांगेत बसून बघणार, असं ते आजूबाजूच्या सगळ्यांना सांगून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली फरशीकडे बघत राहिले. एक ओळ तर होती. ती लिहिली असती तर त्यांची पहिली रांग पक्की होती, आणि माझा रंगमंचही.

मी म्हटलं, "लिहिते."

दादांच्या समोरच मोबाइल घेतला. स्वयंपाकघराच्या दारात जे ऐकलं ते लिहिलं. वहिनींचं वाक्य जसंच्या तसं. खिडकी लिहिली, फडकं लिहिलं. शेवटी लिहिलं, गैरसमज झालेला नाही, मला नीट समजलेलं आहे. दादांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं. ते उठले. चपला घालताना म्हणाले, आता भूमिका विसरून जा.

नाही विसरणार. सोमवारी मी जाणार आहे, त्याच बंगल्यात. दार उघडलं तर आत, नाही उघडलं तर फाटकात उभी राहून माझी वाक्यं म्हणणार आहे. मला नाटकातून काढायचं असेल तर खुशाल काढा. पण का काढलं ते तोंडाने सांगावं लागेल, सगळ्यांसमोर, स्वच्छ मराठीत. टेबलाचं नाव मी घेऊ देणार नाही.