साडूभाऊ आणि बिनमालकाचे डबे

आमच्या साडूभाऊंसारखा नको तिथे साफसफाई करणारा माणूस अख्ख्या उरण तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. सगळा जन्म बंदराजवळच्या यार्डात कंटेनर हलवण्यात गेला. तिथे कंटेनरला डबा म्हणतात, आणि ज्या डब्याचा मालक कळत नाही तो आधी बाजूला काढतात. निवृत्तीनंतर हा कायदा त्यांनी घरालाही लावला. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर जेवून उठेपर्यंत ओटीवरच्या माझ्या चपला गेटाबाहेर, मिठागराच्या बांधावर, जोडीनं मांडलेल्या. "कुनी नाव सांगितलं न्हाय," म्हणाले. आता रागवायचं तरी कसं?

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी जुन्या लॅपटॉपला हात घातला. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, पूर्वी लग्नांत धवले गायची. गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज घोगरा झाला, आणि तिनं गाणं सोडलं ते सोडलंच. तिच्या गाण्याचा एकुलता एक व्हिडिओ त्या लॅपटॉपवर होता, आणि तो दर दोन ओळींना अडकायचा. कुणीतरी सांगितलं, आतली जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाका, हलकं असतं. व्हिडिओ पेनड्राइव्हवर काढून यांनी लिनक्स टाकलं, यादी उघडली, तर आत शेकडो पॅकेजं, म्हणजे बारीकसारीक प्रोग्राम! जीव कासावीस झाला आणि मला बोलावणं आलं. मी काय सांगणार, कप्पाळ? फाइल आणि फोल्डर यांत मी अजून गोंधळतो.

"साडू, ह्यो डबा कुनाचा?"

मी म्हणायचो, ठाऊक नाही. ते म्हणायचे, मग काढा. बुद्धिबळ गेलं. प्रिंटर घरात नव्हता, म्हणून त्याचं सगळं गेलं. यंत्र बिचारं विचारायचं, याच्यासोबत आणखी सात जातील, चालेल ना? दुसरा कोणी घाबरला असता. हे उलट खूश, कारण यार्डात एका फेरीत जास्त डबे हलवणारा शहाणा. असंच एक लांबलचक नावाचं पॅकेज सात जणांना घेऊन गेलं.

संध्याकाळी व्हिडिओ लावला. कुठेही न अडकता चालला, फक्त आवाज नव्हता. मी वायर हलवून पाहिली, साडूभाऊंनी लॅपटॉप थोपटून पाहिला. आवाजाचा डबा आपणच बाहेर काढलाय, हे डोक्यात शिरायला अर्धा तास लागला. साडूभाऊ खुर्चीत बसले ते उठेनात. "माज्याच हातानं तिचा आवाज घालवला," म्हणाले. मलाही फार वाईट वाटलं.

मेव्हणी शेजारी सुपात सुकट निवडत होती. पडद्यावर स्वतःचे ओठ हलताना बघून तिचा हात थांबला. "ही हळदीची ओल हाय," ती पुटपुटली, आणि घोगऱ्या आवाजात तीच ओळ म्हणाली. पुढची आठवेना, तेव्हा पडद्यावरच्या ओठांकडे बघून म्हणाली. मग त्याच्या पुढची.

तोवर मी फोनवर उपाय शोधला होता. एकच पॅकेज परत बसवायचं. विचारलं, बसवू का? साडूभाऊंनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, साडू. आज नको."

ते अजून बसवलेलं नाही. मी गेलो की पडद्यावरचा व्हिडिओ मुकाच चालू असतो, आणि मेव्हणी गात असते.