कडेवरची धार

सातपूरच्या एका लहान कारखान्यात चंदर भोये तपासनीस होता. पेठकडच्या डोंगरातून तो कॉलेजसाठी नाशिकला आला, विज्ञानाची पदवी घेऊन इथेच राहिला, आणि गेली बारा वर्षे त्याच्या टेबलावर लोखंडी बुशांच्या, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या नळकांड्यांच्या, पेट्या येऊन आदळत होत्या. माप चुकलेला, छिद्र सरकलेला, कड खरबरीत राहिलेला नग तो लाल पेटीत टाकी. घरी गेल्यावर मात्र तो नेमके उलटे काम करी. सुट्ट्या नाण्यांचा ढीग वर्तमानपत्रावर पसरून त्यातले बिघडलेले नाणे शोधत बसे.

टांकसाळीतून चुकून सुटलेल्या सदोष नाण्यांना जाणकार मोठी किंमत देतात, असे त्याने १९९४ साली एका पुरवणीत वाचले होते. ज्या दोषासाठी आपण दिवसभर माल नाकारतो त्याच दोषाला जगात कुठेतरी मान आहे, हे त्याच्या मनाला असे काही चिकटले की पुढे सुटलेच नाही. पैसे नको होते असे नाही. पण त्याहून त्याला हवे होते ते एका जाणत्या माणसाच्या तोंडचे वाक्य : हे खरे आहे.

ते काही मिळत नव्हते. मुळात नाणीच मिळत नसत. दुकानदार सुट्ट्यांऐवजी हातावर गोळ्या ठेवी आणि चंदरच्या खिशात रुपयांऐवजी चिकट कागद जमत. १९९९ साली, वर्षानुवर्षे ढीग उपसल्यावर, त्याला एक पातळ अठन्नी सापडली. नाण्यांच्या प्रदर्शनात ती पाहून एका जाणकाराने सांगितले, "आम्लात बुडवलेली आहे. घरी ठेवा." दोन वर्षांनी दोन्ही बाजूंना एकच छाप असलेला रुपया घेऊन तो मोठ्या आशेने गेला. ती दोन नाणी घासून एकमेकांना चिकटवलेली निघाली. जो माणूस केसाएवढी फट भिंगाशिवाय पकडतो, त्याला तो सांधा दिसला नव्हता. ही गोष्ट त्याने घरी सांगितली नाही. त्याच्या बायकोने, ज्योत्स्नानेही विचारली नाही, एवढेच म्हणाली, "अहो, या ढिगाच्या नादात वर्तमानपत्र आधी वाचून तरी होऊ द्या."

आणि खरे नाणे आणले ते तिनेच. २००३च्या फेब्रुवारीत पिठाच्या गिरणीतून येऊन तिने एक रुपया त्याच्यासमोर टाकला.

"घ्या. भाजीवालीनं नाकारला, वाण्यानं नाकारला. तुमच्याच पंगतीतला दिसतो."

चंदरने तो उचलला आणि जेवण अर्धे राहिले. छाप एका बाजूला सरकली होती. दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीसारखी जागा कोरी होती आणि तिच्या कडेने धातूची कागदासारखी पातळ धार बाहेर आली होती. साल मात्र पूर्ण वाचता येत होते. ठोका पडताना चकती साच्याच्या कड्यात नीट बसली नव्हती म्हणून धातू बाहेर पसरला, हे त्याला पाहताक्षणी कळले. ती धार हाच पुरावा होता. मागाहून हातोडीने केलेल्या लबाडीला तशी धार येत नाही. तरी मागचे दोन अपमान आठवून त्याने पंधरा दिवस ते कुणाला दाखवले नाही. रोज रात्री जेवण झाल्यावर तो त्या धारेवरून अंगठा फिरवी.

प्रदर्शन रविवारी होते. शनिवारी वजन आणि माप घ्यायला तो नाणे कारखान्यात घेऊन गेला. माप घेत असताना मालकांनी बोलावले. पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून एक पेटी परत आली होती. शेजारच्या बाकावर कोंडाजी होते. निफाडकडचे, तीस वर्षे कानस चालवलेले फिटर. कापलेल्या कडेवर राहणाऱ्या धारेला कारखान्यात बर म्हणत, आणि बर राहिलेला नग चंदर वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच परत पाठवी. "तुझा अंगठा हाय का सुई?" असे म्हणत ते तो घासून देत.

"मामा, हे जरा सांभाळा. उद्या एका मोठ्या माणसाला दाखवायचं आहे," असे सांगून चंदर गेला.

तो वीस मिनिटांनी परतला तेव्हा स्वच्छ फडक्यावर रुपया चकाकत होता. कड गोल, गुळगुळीत. अंगठ्याला कुठेही काही लागत नव्हते.

"लय बर होता कडंला," कोंडाजी म्हणाले. "मोठ्या माणसापुढं आपल्या खात्यातनं असा माल जातो व्हय? आधी बारीक कानस, मग पालिश कागद. बघ अंगठा फिरवून. नाय ना लागत?"

चंदरने अंगठा फिरवला. बर राहता कामा नये, हे त्यानेच त्यांना हजार वेळा सुनावले होते.

"नाही लागत," तो म्हणाला.

तरीही रविवारी तो गंगापूर रोडवरच्या मंगल कार्यालयात गेला. ठाण्याहून आलेल्या एका वयस्कर जाणकारांनी नाणे भिंगाखाली धरले आणि बराच वेळ धरून ठेवले.

"छाप टांकसाळीचीच आहे," ते म्हणाले. चंदर टेबलावर वाकला. "पण कड नंतर घासलेली आहे. कोणी केलं हे?"

"आमच्या कारखान्यातल्या फिटरनं."

"हात बाकी फार चांगला आहे त्याचा. कानशीची रेघसुद्धा ठेवली नाही. पण आता हे खरं आहे म्हणून मी लिहून देऊ शकत नाही. उद्या दुसरा म्हणेल, ज्याने कड घासली त्यानेच बाकीचंही केलं असेल. कड शाबूत असती, तर आत्ता इथेच लिहून दिलं असतं."

बसमधून परतताना चंदरला सगळ्यांचा राग आला. कोंडाजींचा, पुण्याहून परत आलेल्या पेटीचा, ठाण्याच्या माणसाच्या सौजन्याचा. सर्वांत जास्त स्वतःच्या जिभेचा, जी शनिवारी नेमकी दोन वाक्ये बोलून थांबली होती आणि कडेला हात लावू नका एवढे म्हणाली नव्हती.

सोमवारी तो जागेवर बसण्याआधीच कोंडाजींनी विचारले, "मग? काय म्हणला तुझा मोठा माणूस?"

चंदरने माप घ्यायचा व्हर्नियर पुसला. पुन्हा पुसला.

"कडेबद्दल विचारलं त्यांनी. कोणी केली म्हणाले. हात चांगला आहे म्हणाले."

"मग माझं नाव सांगितलंस का?"

"नाव नाही. आमचे फिटर, असं सांगितलं."

"नाव सांगायचं की रं," कोंडाजी कुरकुरले. पण दिवसभर त्यांची कानस गुणगुणल्यासारखी चालत होती.

दुपारी त्यांची पेटी चंदरच्या टेबलावर आली. चाळीस बुश. त्याने एकेक उचलला, कडेवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरला, पुन्हा फिरवला. एवढ्यांत एक तरी बर हवा होता. कुठेच नव्हता. लाल पेटी रिकामी ठेवून त्याने कागदावर सही केली आणि चाळीसही नग पुढे पाठवले.