बेटापाशी शीड पाडून

पाण्यात घालायचा तो काळा रबरी सूट मी पहिल्यांदा घातला तो उलटा. चेन ही पुढं असायची गोष्ट आहे, पॅन्टपासून जर्किनपर्यंत ती पुढंच असते, एवढ्या साध्या विचारानं मी तो चढवला आणि धरणाच्या काठावर जाऊन उभा राहिलो. गुडघ्यामागं आवळत होतं, चेन पोटावर अर्ध्यात अडकली होती आणि गळा असा दाबला जात होता, की मला वाटलं या खेळात असंच असत असेल. सुभेदारानं लांबून बघितलं, जवळ आला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "गड्या, तू येतोयस का जातोयस, कायच कळंना झालंय."

सुभेदार म्हणजे माझा पाचवीपासूनचा मित्र. सैन्यात गेला, सुभेदार होऊन परत आला, आणि तेव्हापासून आम्ही त्याला नावानं हाक मारायचं विसरून गेलो. पलटणीत असताना तो शिडाच्या फळीवर उभं राहायला शिकला होता. लांब फळी, तिच्यावर खोचलेलं एक शीड. आपण फळीवर उभं राहून शिडाचा आडवा दांडा धरायचा आणि वाऱ्यावर जायचं. निवृत्त झाल्यावर त्यानं गोव्याकडून अशा चार जुन्या फळ्या आणल्या. चार फळ्या म्हटल्यावर त्याच्यासोबत आणखी तीन माणसं आली. एक साताऱ्यातला औषधांचा दुकानदार, एक उंब्रजचा, ट्रॅक्टरचे पार्ट विकणारा, आणि मी. मी पाटबंधारे खात्यात. धरणाच्या पाण्याची पातळी लिहिण्यात तीस वर्षं गेली, पण त्या पाण्यात पाय घातला तो पन्नाशी उलटल्यावर.

दोन वर्षं आम्ही दर रविवारी साताऱ्यापासून तासाभरावरच्या एका धरणावर जात होतो. त्यात पडण्याचं काम मुख्यतः माझ्याकडं असायचं. बाकीच्यांनीही हातभार लावला, नाही असं नाही, पण सातत्य माझं.

म्हणूनच असेल, सुभेदारानं पहिल्याच महिन्यात एक रीत पाडली. एक पडला की बाकी तिघांनीही आपापलं शीड पाण्यात पाडायचं आणि फळीवर बसायचं. पडलेल्यानंही लगेच उठायची घाई करायची नाही. पाण्यातून शीड ओढून उभं करायला कमरेचा जीव जातो, दमलेला माणूस घाईत उठला की पुन्हा पडतो. म्हणून सगळे बसलेले दिसले, दम घेतला, की मगच दोरी ओढायची. "पलटणीत मागं कुणाला सोडत न्हाईत," सुभेदार म्हणायचा. मग चौघं पाण्याच्या मधोमध आपापल्या फळीवर मांडी घालून बसायचो. औषधवाला माझ्या पोटावर बोलायचा, उंब्रजकर स्वतःच्या सासऱ्यावर. खरं सांगायचं तर मला फळीवर उभं राहण्यापेक्षा ते बसणंच जास्त आवडायचं.

तिसऱ्या वर्षी ठरलं, की धरणाच्या भिंतीपासून निघायचं आणि पार वरच्या टोकाच्या गावाला जाऊन लागायचं. सात-आठ किलोमीटर पाणी. उन्हाळ्यात दुपारी तिथं वारा चांगला आडवा वाहतो, पण तीनच्या पुढं त्याचा भरवसा नाही. परवानगीचं काम माझ्याकडं आलं. अर्ज, नकाशा, हमीपत्र, सगळ्यावर माझी सही. चार महिने मी त्या कागदांच्या मागं होतो, आणि कधी नव्हे ते ऑफिसात आनंदानं जात होतो. मला एकच हवं होतं. त्या पलीकडच्या काठावर, फळीवरून, स्वतःच्या पायांनी उतरायचं. आयुष्यात कुठल्याही खेळात मी कुठंही पोचलेलो नाही. वडूजच्या मेहुण्याला आधीच फोन करून सांगून ठेवलं. त्यांच्याकडं एवढं पाणी एका जागी बघायला मिळत नाही, त्यामुळं त्यानं आदरानं ऐकून घेतलं.

त्या दिवशी बाराला निघालो. मागून मोटारीची होडी होती, धरणावर मासेमारी करणाऱ्या चाचांची. पहिला तासभर माझ्यासारखा मीच. एकदाही पडलो नाही. मधे बुडालेल्या टेकडीचं एक बेट आहे, तिथवर आलो, तेव्हा निम्मं पाणी मागं पडलं होतं. मला वाटलं, ही बातमी कुणाला तरी सांगावी. म्हणून मान वळवली आणि पडलो.

वर आलो, फळीवर चढलो, रीतीप्रमाणं शीड पाण्यात तसंच राहू दिलं आणि बसलो. पुढं तीन शिडं चालली होती. त्यांनी बघितलं नसेल असं वाटलं, म्हणून हात वर केला. हाक मारली. उंब्रजकरानं मागं वळून बघितलं, हे मी नक्की सांगू शकतो, कारण त्याच्या डोक्यावरची नारंगी टोपी वळलेली दिसली. मग टोपी परत पुढं झाली.

तरी मी बसून राहिलो. आता सांगताना मलाच हसू येतं. वारा झकास होता, दम परत आला होता, दोरी ओढून उभा राहिलो असतो तर हळूहळू का होईना गेलो असतो. पण ते बसलेले दिसल्याशिवाय उठायचं नाही, हे दोन वर्षांत अंगात इतकं मुरलं होतं, की मला उठणं सुचलंच नाही. वाटलं, वाऱ्यामुळं त्यांना शिडं पाडायला वेळ लागतोय. आता पाडतील. त्या वळणावर पाडतील. वळणावरून तिन्ही शिडं एकेक करून दिसेनाशी झाली.

मग चाचांची होडी सावकाश जवळ आली. चाचांनी मोटार बंद केली, एक कोरडा टॉवेल पुढं केला आणि थर्मासमधला चहा ओतला.

"घ्या साहेब. फळी टाकूया आत."

"थांबा चाचा, ते येतील. आमची रीत आहे."

चाचांनी थर्मासचं झाकण लावलं. "आवं साहेब, ते कशाला येत्यात? सुभेदारांनी कालच सांगून ठेवलंय मला. बेटापाशी साहेब पडतील, त्यांना घ्या आन् भिंतीकडं सोडा. टॉवेल बी त्यांनीच दिलाय. लय काळजी हाय तुमची."

टॉवेल नवा होता. दुकानातली घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मी होडीत बसलो. मानी माणसानं तिथून एकट्यानं शीड उचललं असतं, मला ठाऊक आहे. मी चहा प्यालो. भिंतीकडं परत जाताना चाचांनी मला मासळीच्या भावाबद्दल बरंच काही सांगितलं, त्यातलं काहीच डोक्यात शिरलं नाही. गाडीत बसलो, तर फोनवर फोटो आला होता. पलीकडच्या काठावर तिघं, गळ्यात झेंडूचे हार. खाली लिहिलं होतं, 'मोहीम फत्ते. परवानगीसाठी विशेष आभार', आणि माझं नाव. हार बघितले. तीनच आणले होते, की चौथा कुणाच्या पिशवीत होता, हे मी आजवर विचारलेलं नाही.

दोन दिवसांनी सुभेदार घरी आला. येणार हे मला माहीत होतं, बायकोलाही. तिनं सगळं ऐकून घेतलं होतं आणि त्यावर एक शब्दही बोलली नव्हती. आमच्याकडं ही चांगली खूण नाही.

"वयनी, च्या टाका," म्हणत तो खुर्चीत बसला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "रागावलायस?"

"सांगायचं होतंस की."

"काय सांगू? तीनला वारा पडतोय. तुझ्यासाठी चार येळा बसलो असतो, तर चौघंबी होडीतनं आलो असतो. एकानं मागं ऱ्हावं का चौघांनी?"

हिशेब चुकीचा नव्हता, हेच जास्त लागलं. "पण मला आधी सांगितलं असतंस, तर मी काठावर थांबलो असतो. तुमचे हार घेऊन उभा राहिलो असतो."

तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "कागुद तुझ्या सहीचं हुतं, गड्या. तू न्हाईस म्हटल्यावर कुणी पाण्यात सोडलं असतं आमाला?"

म्हणजे मला बेटापर्यंत न्यायचं होतं ते सहीसाठी. दोन वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांसमोरून गेले आणि त्यातला कुठला खरा होता हे मला ओळखता येईना. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी त्याला विचारलं, टॉवेल परत न्यायचाय का.

"ठेव तुला," तो म्हणाला.

बायकोनं चहा आणून दिला. सुभेदार चहात चार चमचे साखर घेतो, आणि कमी पडली तर परत मागून घेतो. बशीत ओतून ओतून तो सगळा चहा प्याला, मान खाली घालून. कप ठेवला, "येतो वयनी," म्हणाला आणि गेला. फाटकाचा आवाज झाला.

मग बायकोनं कप उचलला, आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "साखर घातलीच नव्हती मी. मागतायत का बघत होते. नाही मागितली. कळतंय अहो त्यांना, काय केलंय ते."